तुवालू बेटें व चढता समुद्र

पॅसिफिक महासागराच्या नकाशांत, ऑस्ट्रेलिया व हवाई यांच्या साधारण मध्यावर, विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस, सुईच्या टोंकानें टोंचल्यासारखे नऊ ठिपके आढळतात. पुष्कळ नकाशांत तेवढेही नसतात. हें तुवालू नांवाचें स्वतंत्र राष्ट्र होय. ब्रिटिश अमलांत ह्या बेटांना एलिस बेटें म्हणत. १९७८ सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस तीं स्वतंत्र झालीं. तुवालू ह्या शब्दाचा अर्थ ‘एकत्र उभीं असलेलीं आठ’ असा आहे, कारण नववें बेट फार काळ निर्जन होतें. साऱ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती दहा चौरस मैलांची भरते, आणि लोकवस्ती दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. तरी ह्या राष्ट्राला पार्लमेंट आहे, मुख्य प्रधान आहे, आणि २००० सालापासून संयुक्त राष्ट्रसंघांत इतर मोठ्या राष्ट्रांच्या शेजारीं त्याची खुर्ची आहे. ह्या देशांत डोंगर नाहीं, टेंकडी नाहीं, नदी नाहीं. सर्वांत उंच जागा समुद्रापासून सुमारें पंधरा फूट; बहुतेक भूमि तर पुरुषभर उंचीची. अशा देशाच्या चोहोंकडचा समुद्र वर्षानुवर्षें चढूं लागला म्हणजे काय होतें, हें समजून घेण्यासाठीं प्रथम तीं बेटें कशाचीं बनलेलीं आहेत हें पाहूं.

विद्यार्थिमित्रहो, हीं बेटें खडकाचीं नव्हेत, आपल्या समजुतीच्या मातीचींही नव्हेत. तीं प्रवाळांचीं, म्हणजे पोंवळ्यांचीं आहेत. प्रवाळ हा एक अत्यंत लहान, मृदु प्राणी. तो समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन आपल्याभोंवतीं कठीण घर बांधतो, आणि तो मेला तरी घर राहतें. अशा असंख्य घरांचे थर सांचून त्यांचा तट होतो. लाटा त्याचे तुकडे करून त्यांची वाळू करतात, ती वाळू तटावर सांचते, आणि तिच्यावर समुद्रांतून वाहत आलेला नारळ रुजतो. बेटें बहुधा कंकणाच्या आकाराचीं असतात. मध्यें उथळ, शांत सरोवर आणि बाहेर अथांग महासागर. अशा बेटाला इंग्रजींत ‘ॲटॉल’ म्हणतात, आणि हा शब्द इंग्रजांचा नसून आपल्या नैर्ऋत्येच्या मालदीव बेटांतील भाषेचा आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

हें कंकण कसें बनतें? चार्ल्स डार्विन यानें १८४२ सालीं आपली उपपत्ति प्रसिद्ध केली ती अशी: प्रथम समुद्रांत ज्वालामुखीचा डोंगर असतो, त्याच्या कांठानें प्रवाळांचा तट वाढतो, डोंगर हळूहळू खचत जातो, आणि तो जसा खालीं जाईल तसतसे प्रवाळ वर बांधीत जातात, शेवटीं डोंगर दिसेनासा होतो व त्याच्या कांठाचें कंकण तेवढें उरतें. ही गोष्ट खरी कीं खोटी हें ठरविण्याकरितां लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८९६ ते १८९८ या वर्षांत तुवालूच्या राजधानीच्याच बेटावर, फुनाफुतीवर, भूमींत छिद्र पाडविलें. तें सुमारें १,११४ फूट खोल गेलें, आणि सगळीकडे प्रवाळच लागलें. डोंगर कांहीं सांपडला नाहीं. डार्विनचें म्हणणें सिद्ध व्हावयास १९५२ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं एनिवेटॉक नांवाच्या दुसऱ्या बेटावर चार हजार फुटांहून अधिक खोल गेल्यावर ज्वालामुखीचा काळा खडक हातीं आला. फुनाफुतीचें तें जुनें छिद्र अद्यापि दाखवितात. मला ह्या कथेचें महत्त्व वाटतें तें असें, कीं ज्या भूमीवर लोक राहतात ती जिवंत प्राण्यांनीं बांधलेली आहे, आणि जोंपर्यंत ते प्राणी सुखानें वाढत आहेत तोंपर्यंतच तिची डागडुजी चालू राहते. समुद्र तापला कीं प्रवाळ आपल्या अंगांतील सूक्ष्म वनस्पति टाकून देऊन पांढरे पडतात, आणि ताप फार दिवस टिकला तर मरतात. बांधणाराच मेला म्हणजे भिंतीची दुरुस्ती कोण करणार?

पाण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असतें, म्हणून पावसाचें जें पाणी वाळूंत मुरतें तें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. बेटाच्या पोटांत त्याचा आकार भिंगासारखा होतो: मध्यें जाड, कडांना पातळ. शास्त्रज्ञांचा हिशेब असा आहे कीं, गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल तर त्याची खोली समुद्राच्या खालीं सुमारें चाळीस फूट असते. अर्थात् वरची पातळी थोडी ढळली कीं खालचा सांठा पुष्कळ घटतो. शिवाय उधाणाचें पाणी एकदां जमिनीवर चढलें कीं वरूनही मीठ शिरतें. तुवालूचे लोक वाळूंत खोल खड्डे खणून, त्यांत पालापाचोळा कुजवून, ‘पुलाका’ नांवाचा अळवाच्या जातीचा मोठा कंद लावतात. खड्ड्याचा तळ त्या गोड्या पाण्याला टेंकलेला असतो. हे खड्डे पिढ्यान् पिढ्या एकेका घराण्याचे असतात, आणि कोणाचा कंद मोठा यावरून गांवांत मान ठरतो. ज्या खड्ड्यांत खारें पाणी आलें तेथें पुलाका कुजतो. फुनाफुतीवर आतां विहिरीच्या पाण्यावर कोणी विसंबत नाहीं; घराच्या पत्र्यावर पडलेलें पावसाचें पाणी टांक्यांत सांठवून तेंच प्यावें लागतें. २०११ सालीं कित्येक महिने पाऊस पडला नाहीं तेव्हां सरकारनें आणीबाणी पुकारली आणि परदेशांतून पाणी व खाऱ्या पाण्याचें गोडें करण्याचीं यंत्रें आणावीं लागलीं. चोहोंकडे पाणी, आणि घोट-घोट मोजून पिण्याची पाळी!

आतां समुद्र चढतो कां? याचीं मुख्य कारणें दोन. पहिलें असें कीं, ऊष्णतेनें पाणी प्रसरण पावतें. महासागर कांहीं मैल खोल असल्यामुळें थोड्याशा उष्णतेनेंही त्याचा पृष्ठभाग वर येतो. दुसरें असें कीं, जमिनीवरचें बर्फ वितळून समुद्रास मिळतें. येथें एक प्रयोग घरीं करून पाहण्यासारखा आहे. पेल्यांत पाणी घेऊन त्यांत बर्फाचा खडा तरंगत ठेवा आणि पातळीवर खूण करा. खडा विरघळला तरी पातळी बदलत नाहीं. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रांत तरंगणारें बर्फ हें असें आहे. पण तोच खडा पेल्याबाहेर गाळणीवर ठेवून त्याचें पाणी पेल्यांत पडूं दिलें तर पातळी चढेल. ग्रीनलंड, अंटार्क्टिका, आणि आल्प्स-हिमालयांसारख्या पर्वतांवरील हिमनद्या हें गाळणीवरचें बर्फ होय. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्र सरासरी आठ इंच चढला. त्यांतही चढण्याचा वेग वाढत आहे: १९७१ पूर्वीं तो वर्षास सुमारें सव्वा मिलिमीटर होता, तो २००६ ते २०१८ या काळांत पावणेचार मिलिमीटरांच्या घरांत गेला. तुवालूच्या भोंवतीं तो याहूनही अधिक आहे. तेथें तीस वर्षांत समुद्र सुमारें सहा इंच वर आला आहे.

ह्या उष्णतेचें मूळ धुरांत आहे. कोळसा, पेट्रोल व नैसर्गिक वायु जाळल्यानें जो कार्बन डायॉक्साइड हवेंत जातो तो काचगृहाच्या काचेप्रमाणें पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेले. ह्या धुरांत तुवालूचा वांटा इतका क्षुद्र आहे कीं तो मोजण्याची उठाठेव करण्यांत अर्थ नाहीं. २०२१ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या शास्त्रज्ञांच्या मंडळानें असें अनुमान केलें कीं, धूर झपाट्यानें आवरला तर ह्या शतकाच्या अखेरीस समुद्र एक ते पावणेदोन फूट चढेल, आणि न आवरला तर दोन ते सव्वातीन फूट. मुंबईच्या माणसाला तीन फूट म्हणजे मोठी अडचण वाटेल. पुरुषभर उंचीच्या देशाला तीन फूट म्हणजे अर्धा देश.

तथापि ‘समुद्र चढला, बेट बुडालें’ इतकी ही गोष्ट सरळ नाहीं, आणि वर्तमानपत्रांतील ठळक मथळ्यांवरून मत बनविणाऱ्यांनीं पुढील गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी. पॉल केंच व त्यांचे सहकारी यांनीं तुवालूच्या १०१ लहानमोठ्या बेटांचीं १९७१ ते २०१४ पर्यंतचीं विमानांतून व उपग्रहांवरून घेतलेलीं चित्रें ताडून पाहिलीं. तेव्हां असें दिसलें कीं, ह्या काळांत एकंदर जमीन घटण्याऐवजीं २.९ टक्क्यांनीं वाढली आहे! लाटा एका बाजूची वाळू नेतात आणि दुसऱ्या बाजूस टाकतात. वादळें तटाचे तुकडे वर आणतात. बेटें सरकतात, वळतात, कांहीं झिजतात, कांहीं वाढतात. ह्यावरून कित्येकांनीं तुवालूचें संकट म्हणजे कांगावा ठरविला. मला हें पटत नाहीं. बेट सरकलें तरी त्यावरची विहीर, शाळा, प्रार्थनामंदिर व दफनभूमि सरकत नाहींत. आणि नकाशावर जमिनीचें क्षेत्र वाढणें वेगळें व त्या जमिनींत गोडें पाणी राहणें वेगळें. फुनाफुतीवर तर अर्ध्याहून अधिक राष्ट्र एका अरुंद पट्टीवर दाटीवाटीनें राहतें, आणि त्या पट्टीची पुष्कळशी जागा दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें बांधलेल्या विमानाच्या धांवपट्टीनें व्यापली आहे. वर्षारंभींच्या मोठ्या उधाणाच्या भरतीस तेथें पाणी केवळ किनाऱ्यावरून येत नाहीं, तर सच्छिद्र प्रवाळांतून पायाखालच्या जमिनींतूनच बुडबुडे काढीत वर येतें. आपल्या कोंकणांतील शेतकरी खाऱ्या पाण्यास बांध घालून खाजण राखतो. परंतु जें पाणी बांधाखालून येतें त्यास बांध कोठें घालावा?

तुवालूचे बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. १८६१ सालीं कुक बेटांपैकीं मनिहिकी येथील एलेकाना नांवाचा एक मनुष्य होडींतून वाट चुकून कित्येक आठवडे वाहत वाहत नुकुलाएलाए बेटास लागला, आणि त्याच्यापासून तेथें उपदेशास आरंभ झाला. मागाहून लंडन मिशनरी सोसायटीनें सामोआ येथील शिक्षक पाठविले. त्यामुळें समुद्राच्या प्रश्नाला तेथें एक निराळीच बाजू आहे. तेथील कित्येक वृद्ध मंडळी म्हणतात कीं, देवानें नोहाला मेघधनुष्य दाखवून पुन्हां जलप्रलय न करण्याचें वचन दिलें आहे. मग आम्हीं भ्यावें कां व जावें कां? ह्या श्रद्धेला हंसणें सोपें आहे, पण तें अडाणीपणाचें होईल. तेथीलच इतर ख्रिस्ती लोकांचें उत्तर मला अधिक समर्पक वाटतें: वचन देवानें दिलें होतें, माणसांनीं दिलें नव्हतें, आणि हें पाणी माणसांनीं चढविलेलें आहे.

देश सोडून जाणें म्हणजे काय, हें ह्या भागांतील लोकांना नव्यानें शिकावयाचें नाहीं. १८६३ सालीं पेरू देशाची गुलामांच्या व्यापाराचीं जहाजें आलीं आणि फुनाफुती व नुकुलाएलाए ह्या दोन बेटांवरून सुमारें चारशें माणसें फसवून घेऊन गेलीं. पण दोन उदाहरणें विशेष विचार करण्याजोगीं आहेत, आणि तीं दोन्हीं फिजीमधील वानुआ लेवू ह्या बेटाजवळ एकमेकांशेजारीं आहेत.

एक राबी बेट. किरिबाती राष्ट्रांतील बनाबा बेटावर फॉस्फेटचा, म्हणजे शेतीच्या उत्तम खताचा, मोठा सांठा होता. १९०० सालापासून तो खणून नेण्यांत आला आणि त्यानें परदेशांतील कुरणें हिरवीं झालीं. युद्धांत जपान्यांनीं तेथील रहिवाश्यांना निरनिराळ्या बेटांवर हद्दपार केलें. युद्ध संपल्यावर, १९४५ च्या डिसेंबरांत, ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं त्यांना घरीं न नेतां राबीवर नेऊन उतरविलें. तें बेट त्यांच्याच खाणीच्या पैशांतून विकत घेतलेलें होतें. राहावयास तंबू, कांहीं आठवड्यांची शिधासामुग्री, आणि ऋतु वादळांचा. इकडे बनाबावर खणणें १९७९ पर्यंत चालूच राहिलें. ह्या लोकांना समुद्रानें काढलें नाहीं, खतानें काढलें.

दुसरें उदाहरण किओआ बेटाचें. तुवालूपैकीं वाइतुपू बेटावरील लोकांनीं युद्धकाळीं अमेरिकनांकडे मजुरी करून पैसा सांठविला होता. आपल्या बेटावर पुढें गर्दी होईल ह्या विचारानें त्यांनीं १९४६ सालीं किओआ विकत घेतलें आणि १९४७ पासून कांहीं कुटुंबें स्वखुषीनें तेथें जाऊन राहिलीं. तीं आपली भाषा बोलतात, आपले नृत्योत्सव करतात, आणि वाइतुपूशीं त्यांचें नातें तुटलेलें नाहीं. दोन्ही ठिकाणीं माणसें शेंकडों मैल दूर गेलीं. परंतु एका ठिकाणीं त्यांना नेलें आणि दुसऱ्या ठिकाणीं तीं गेलीं. किरिबातीच्या सरकारनेंही २०१४ सालीं त्याच वानुआ लेवूवर पांच हजारांहून अधिक एकर जमीन विकत घेऊन ठेविली आहे. तिचा विकणारा चर्च ऑफ इंग्लंड होता.

कायद्याचें काय? १९५१ च्या निर्वासितविषयक करारान्वयें वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळें छळाची भीति असणारासच निर्वासित म्हणतात. समुद्र कोणाचा छळ करीत नाहीं. तो सर्वांच्याच घरांत शिरतो. किरिबातीच्या एका नागरिकानें न्यू झीलंडमध्यें ह्याच मुद्द्यावर आश्रय मागितला. तेथील कोर्टांनीं तो नाकारला व २०१५ सालीं त्याला परत पाठविलें. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क समितीनें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या निर्णयांत त्याची तक्रार मान्य केली नाहीं. पण पुढेंमागें हवामानामुळें जीवितास धोका असलेल्या माणसास परत पाठविणें बेकायदा ठरूं शकेल, असें तिनें नमूद केलें.

याहून विलक्षण प्रश्न राष्ट्राचा आहे. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारांत राष्ट्राचीं लक्षणें चार सांगितलीं आहेत: कायमची वस्ती, निश्चित भूमि, सरकार, आणि इतर राष्ट्रांशीं व्यवहार करण्याची पात्रता. भूमीच गेली तर? हा प्रश्न केवळ मानाचा नाहीं. तुवालूची जमीन दहा चौरस मैल असली तरी समुद्रांतील हक्काचें क्षेत्र अडीच लाख चौरस मैलांहून अधिक आहे, आणि तेथें ट्यूना मासे पकडण्याचे परवाने हें त्याचें मोठें उत्पन्न आहे. (दुसरें एक उत्पन्न गमतीचें आहे. इंटरनेटवरील पत्त्यांसाठीं तुवालूच्या वांट्याला ‘टीव्ही’ हीं दोन अक्षरें आलीं, आणि जगांतील दूरचित्रवाणीवाले त्यांचें भाडें भरतात.) म्हणून तुवालूनें २०२३ सालीं आपल्या राज्यघटनेंत लिहून टाकलें कीं, हवामानानें भूमीचें कांहींही झालें तरी हें राष्ट्र व त्याच्या सागरी सीमा कायम राहतील. तत्पूर्वीं, २०२१ सालीं, त्याचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनीं कोट व टाय घालून, विजार गुडघ्यांवर दुमडून, समुद्राच्या पाण्यांत उभें राहून जगापुढें भाषण केलें होतें. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २३ जुलै २०२५ रोजीं आपलें मत दिलें, त्यांत एकदां स्थापन झालेलें राष्ट्र त्याचें एखादें अंग नाहींसें झाल्यानें नष्ट होतेंच असें नाहीं, असें म्हटलें आहे. आमच्या विद्यार्थ्यांना हें सांगितलें पाहिजे कीं, ह्या खटाटोपाचा उगम २०१९ सालीं साउथ पॅसिफिक विद्यापीठांतील कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांच्या वर्गांत झाला. त्यांची कल्पना वानुआतूच्या सरकारनें उचलून धरली आणि ती जगाच्या सर्वोच्च न्यायासनापुढें गेली.

व्यवहारांत मात्र तुवालूनें दोन्हीं दारें उघडीं ठेविलीं आहेत. एकीकडे राहण्याची तयारी: फुनाफुतीवर सरोवराच्या बाजूस वाळूचा भराव घालून सुमारें अठरा एकर नवी जमीन २०२३ अखेर तयार केली, आणि ती अपेक्षित पाण्याच्या पातळीहून उंच ठेविली आहे. दुसरीकडे जाण्याची सोय: ९ नोव्हेंबर २०२३ रोजीं ऑस्ट्रेलियाशीं ‘फालेपिली’ करार झाला व तो २०२४ च्या ऑगस्टांत अमलांत आला. फालेपिली म्हणजे शेजारधर्म. ह्या करारानें दर वर्षीं २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियांत कायम राहण्याची, शिकण्याची व काम करण्याची मुभा मिळते, आणि वाटेल तेव्हां मायदेशीं परतण्याचीही. त्याच्या मोबदल्यांत तुवालूनें संरक्षणाच्या बाबतींत अन्य राष्ट्रांशीं करार करण्यापूर्वीं ऑस्ट्रेलियाची संमति घेण्याचें कबूल केलें आहे, आणि ह्या कलमावर तुवालूंत बरीच टीका झाली. ज्या शेजाऱ्यानें दार उघडलें तोच जगांतील कोळशाच्या अत्यंत मोठ्या निर्यातदारांपैकीं एक आहे, हेंही विसरण्यासारखें नाहीं.

२८० ही संख्या लहान दिसते. पण साधें अंकगणित करून पाहा. कोणी परतला नाहीं तर चाळीस वर्षांच्या आंत आजच्या लोकसंख्येएवढीं माणसें बाहेर जातील. २०२५ सालच्या जून-जुलैंत पहिल्या वर्षाची नांवें घेतलीं तेव्हां कुटुंबीयांसह ८,७५० जणांनीं नांवें नोंदविलीं, म्हणजे देशाच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक. ह्याचा अर्थ तितक्या सर्वांनीं देश सोडण्याचें ठरविलें आहे असा नव्हे. मुलांच्या शाळेसाठीं, औषधपाण्यासाठीं, नोकरीसाठीं, आणि हातीं एक किल्ली असावी म्हणून कित्येकांनीं नांव दिलें असेल. सोडतींत ज्यांचीं नांवें निघालीं त्यांपैकीं पहिलीं माणसें २०२५ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियांत पोहोंचलीं. त्यांत एक पाळकही होता. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील एका लहान गांवीं आधीपासून मजुरीस गेलेल्या तुवालूच्या लोकांना त्यांच्याच भाषेंत उपासना चालविणारा कोणी हवा होता.